हिरो कोन शे? वाचनालयात माहितीपट दाखवायचा खटाटोप

आमच्या वाचनालयासमोर केळीची गाडी लावणाऱ्या काकांना मी कार्यक्रमाचा कागद दिला, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट बघून आमच्या अहिराणी बोलीत एकच प्रश्न विचारला, "ताई, हिरो कोन शे यामा?" मी म्हटलं, हिरो नाही काका, माहितीपट आहे. त्यांनी कागदाची चार वेळा घडी केली आणि तो केळीच्या फणीखाली सरकवला. पुढच्या चार महिन्यांत या प्रश्नाचं उत्तर मी वेगवेगळ्या तऱ्हेने देऊन पाहिलं. एकदाही जमलं नाही.

ज्यांना आपल्या गावच्या वाचनालयात असं काही सुरू करायचं आहे आणि पहिलं पत्र कुणाला लिहायचं इथेच अडलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. सिनेमाचं शिक्षण नाही, संस्था चालवण्याचा अनुभव तर अजिबात नाही. गाव जळगाव जिल्ह्यातलं, धुळ्याकडे तोंड करून बसलेलं, तालुक्याचं. वाचनालय 'ब' वर्गाचं, जुनं. खाली देवघेव आणि वर्तमानपत्रं, वर पत्र्याचा हॉल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं. शेजारीच एवढं मोठं कार्य, तेव्हा पाहुणे आपल्याकडेही डोकावतील म्हणून आमच्या वाचनालयाने वरच्या हॉलला रंग काढून घेतला. पाहुणे काही आले नाहीत. रंग लावलेला हॉल नंतर स्पर्धा परीक्षेची पोरं सोडली तर रिकामाच. मी पुस्तक बदलायला गेले की जिन्यातून वर बघायची.

माहितीपटाचं डोक्यात आलं ते आईमुळे. भाचीने एकदा लॅपटॉपवर दुष्काळी भागातल्या विहिरींवरचा एक माहितीपट लावला होता. आई भाजी निवडत बसली होती. पडद्यावरची बाई म्हणाली, की आमच्याकडे पाण्याला दोन कोस जावं लागतं. आई निवडता निवडता म्हणाली, "आम्हीबी जायेत ना माय." मग पंधरा मिनिटं ती त्या बाईशी बोलत होती आणि बाई तिचं ऐकत नव्हती. मला वाटलं, असं उत्तर देणारी माणसं एका खोलीत बसवली तर?

११ मार्च २०२४ ला मी सचिवांना अर्ज दिला. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही म्हणते. अर्ज अर्ध्या पानाचा होता: महिन्यातून एक रविवार, एक माहितीपट, नंतर चर्चा, प्रवेश मोफत. अप्पांनी वाचला, खिशात ठेवला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. "निवडणूक होऊ द्या ताई." आमच्याकडे मतदान १३ मेला, निकाल ४ जूनला. इथे पहिली सूचना: अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्या. मी घेतली नव्हती. जूनमध्ये अप्पांना अर्ज सापडेना, मी पुन्हा लिहून दिला.

३० जूनला कार्यकारी मंडळाची सभा लागली. गणपूर्ती झाली नाही. पेरण्या होत्या, अर्धं मंडळ शेतात. १४ जुलैच्या सभेत विषय आला. वाचनालय म्हणजे नोंदणीकृत न्यास, दरवर्षी ऑडिट, धर्मादाय कार्यालयात हिशोब, शिवाय शासनाचं अनुदान. त्यामुळे "करू या की" असं म्हणून काही होत नाही, ठराव लागतो. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. खर्चापाशी गाडी अडली. सिनेमा दाखवण्याचा खर्च अनुदानाच्या हिशोबात कुठल्या रकान्यात लिहायचा, हे कुणालाच ठरवता येईना. ऑडिटरने विचारलं तर काय सांगायचं? शेवटी ठरावात एक ओळ घातली: 'सदर उपक्रमाचा खर्च स्वेच्छा देणगीतून करण्यात यावा, संस्थेवर बोजा पडू नये.' या एका ओळीवर सगळ्यांचे चेहरे सैल झाले. तुमच्याकडेही अडलं तर ती ओळ घाला.

त्याच सभेत एक तरुण सभासद म्हणाला, "यूट्यूबवर फुकट आहे, लावून द्यायचं, एवढं काय?" मलाही आधी तसंच वाटायचं. पण घरी बघणं आणि जाहीर दाखवणं यात फरक आहे. यूट्यूबच्या अटींमध्येच जाहीर प्रदर्शनाला मनाई आहे आणि चित्रपटाचे हक्क कुणाच्या तरी मालकीचे असतात, १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. तिकीट लावलं नाही म्हणून तो प्रश्न मिटत नाही. दुसरी गोष्ट सेन्सॉरची. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं आणि माहितीपट त्यातून सुटत नाही. म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या: ज्याचे हक्क त्याची लेखी परवानगी, आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत. या दोन कागदांनी मला पुढे दोनदा वाचवलं.

लेखी परवानगी मिळवणं मला सगळ्यात अवघड वाटत होतं. ते निघालं सगळ्यात सोपं. १६ जुलैला मी तीन मेल पाठवले. एक सरकारी संग्रहाला, धरणांवरच्या एका जुन्या कृष्णधवल माहितीपटासाठी. दोन स्वतंत्रपणे काम करणाऱ्या दिग्दर्शकांना. मेलमध्ये लांबण लावली नाही: गाव कुठे, हॉलमध्ये किती माणसं मावतात, तिकीट नाही, रेकॉर्डिंग होऊ देणार नाही, किती लोक आले ते कळवू, मानधन किती अपेक्षित आहे ते सांगा. एका दिग्दर्शकाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त लोक काय म्हणाले ते लिहून पाठवा म्हणाले. दुसऱ्या दिग्दर्शक बाईंनी २,५०० रुपये सांगितले आणि स्वतः व्हिडिओ कॉलवर यायची तयारी दाखवली. संग्रहाचं उत्तर ३४ दिवसांनी आलं, पण होकाराचं आलं. मोठ्या शहरातले लोक आपल्याला कशाला विचारतील, ही माझी भीती फुकाची होती. उलट, आपली फिल्म तालुक्याच्या गावात कुणी मागतंय याचंच त्यांना अप्रूप होतं.

गणपती उठल्यावर, २२ सप्टेंबरला, सामानाची रंगीत तालीम घेतली. प्रोजेक्टर लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका स्टुडिओतून भाड्याने, दिवसाचे ८०० रुपये. पडदा विकत घेतला नाही. मांजरपाट आणून टेलरकडून दोन पाट जोडून घेतले, वर-खाली बांबू जाईल अशी नेफ्यासारखी पट्टी. कापड आणि शिलाई मिळून ५२० रुपये. वायरी आणि बोर्ड ६५०. फ्लेक्स ४५० रुपयांचा, तो निव्वळ वाया गेला, कारण फ्लेक्स वाचून एकही माणूस आला नाही. पहिल्या खेळाचा चहा ३४०. सगळं धरून २,७६०.

तालमीत दोन गोष्टी कळल्या. पत्र्याच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. स्पीकर पडद्यापाशी जमिनीवर न ठेवता कानाच्या उंचीवर ठेवला, मागच्या भिंतीला सतरंज्या टांगल्या, तेव्हा जरा थांबलं. आणि खिडक्या. दुपारी उजेड इतका, की पडद्यावर नुसता पांढरा ढग. खिडक्यांना रद्दीचे कागद चिकटवू म्हटलं तर ग्रंथपाल भाऊंनी हरकत घेतली. रद्दी वजनावर विकली जाते, ती रक्कम जमेला धरतात, तेव्हा रद्दी मोजून घ्यायची आणि मोजून परत करायची. मी सही करून साडेतीन किलो रद्दी उसनी घेतली. हसू नका, भाऊंचं बरोबर होतं.

पोलीस ठाण्यातही एक अर्ज दिला, माहितीस्तव. बंद हॉल, मोफत कार्यक्रम, अमुक वेळ, ठराव आणि प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. तिथल्या अंमलदारांनी पोहोच दिली आणि "माहितीपट म्हणजे लेक्चर ना?" एवढंच विचारलं.

पहिला खेळ १५ ऑक्टोबरला ठेवला होता. त्या दिवशी वाचन प्रेरणा दिन असतो, वाचनालयात तसाही कार्यक्रम करायचाच असतो. दुपारी मी सतरंज्या टांगत होते आणि खाली कुणाच्या तरी मोबाइलवर निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद सुरू होती. विधानसभा जाहीर, आचारसंहिता लागू. अप्पा जिना चढून आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आमच्या त्या जुन्या माहितीपटात धरणाच्या पायाभरणीला एक पुढारी कुदळ मारताना दिसतात. पुढारी जाऊन अनेक दशकं झाली. पण अप्पा म्हणाले, "पक्ष जिता शे ना ताई." निवडणूक कार्यालयात जाऊन विचारता आलं असतं. मीही विचारलं नाही, कारण खरं सांगायचं तर मलाच सुटल्यासारखं वाटलं. सतरंज्या काढल्या, रद्दी मोजून परत केली. साडेतीन किलोतले दोनशे ग्रॅम कमी भरले.

मतदान २० नोव्हेंबरला, मोजणी २३ ला. मग लग्नसराई. शेवटी रविवार, २२ डिसेंबर, संध्याकाळी साडेसहा.

सतरा माणसं आली. त्यातली सहा कार्यकारी मंडळाची, दोन माझ्या घरची. मी आधी प्रास्ताविक केलं. मुंबईत सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली हँगिंग गार्डनवरची कुस्ती कॅमेऱ्यात पकडली, तिथून आपल्याकडच्या माहितीपटाची सुरुवात धरतात. फाळके यांनी रोप उगवतानाचं चित्रण केलं. १९४८ साली माहितीपट काढणारी सरकारी फिल्म्स डिव्हिजन निघाली, २०२२ मध्ये ती एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. सगळं बरोबर होतं आणि सगळं जड होतं. बारा मिनिटं बोलले मी. फिल्म अठरा मिनिटांची!

फिल्म संपली, दिवे लावले आणि मी विचारलं, "कसा वाटला?" सगळे म्हणाले, "छान." संपली चर्चा. ती पोकळी भरायला एक निवृत्त मुख्याध्यापक उठले आणि बावीस मिनिटं बोलले. फिल्म सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर. मी घड्याळाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, नऊ महिने यासाठी घातले?

आवराआवर करून मी जिन्यात आले तर खाली चपलांपाशी कल्ला. तिथे आठ-नऊ माणसं उभी, हातात चहाचे कागदी कप. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर बाबा सांगत होते, की टॉकीजमध्ये "पिच्चरना पहिले हाई दखाडेत" (सिनेमाच्या आधी हे दाखवायचे), आणि लोक तेवढ्या वेळात बाहेर बिडी ओढून यायचे. आज पहिल्यांदा अख्खं बघितलं म्हणे. त्यावर दुसरा म्हणाला, तेव्हाची धरणं तरी झाली, आपलं पाडळसऱ्याचं बघा. तापीवरचं ते धरण आमच्याकडे पिढीजात विषय आहे. मग कुणाच्या आजोबांची जमीन, कुणाची मोजणी, कालव्याची आखणी कुठून जाणार होती. पाऊण तास. वर खुर्च्यांवर बसून 'छान' म्हणालेली हीच माणसं.

त्या रात्री मी वहीत लिहिलं: चहा आधी. खुर्च्या गोल. माइक नको. प्रास्ताविक दोन मिनिटं. 'कसा वाटला' विचारायचं नाही.

दुसरा खेळ १९ जानेवारी २०२५, रविवार. वेळ बदलून दुपारी चार केली, कारण साडेसहा ही स्वयंपाकाची वेळ आहे आणि पहिल्या खेळाला माझी आई आणि वहिनी सोडून एकही बाई नव्हती. हे मला, बाई असून, आधी सुचलं नाही. फ्लेक्सऐवजी दोन बचत गटांच्या बैठकीत जाऊन तोंडी सांगितलं. माहितीपट हा शब्दही टाळला. आमच्याकडे तो ऐकला की लोकांना सरकारी आरोग्य खात्याची गाडी आठवते. "विहिरींवरचा खरा पिच्चर आहे, बावन्न मिनिटांचा, उत्तरेकडच्या एका गावातला" असं सांगितलं. एकेचाळीस माणसं आली, त्यात एकोणीस बायका.

फिल्म हिंदीत, तीही तिकडच्या बोलीत, खाली इंग्रजी अक्षरं. आता काय करायचं? मी दिग्दर्शकांना विचारून मध्ये दोनदा थांबवायची परवानगी घेतली होती. पंचविसाव्या मिनिटाला थांबवलं आणि आतापर्यंत काय झालं ते सांगितलं. पुन्हा सुरू केल्यावर तिसऱ्याच मिनिटाला लाइट गेली. लॅपटॉप चालू, प्रोजेक्टर बंद. (इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालतो की नाही, ते तालमीतच बघून घ्या. आमचा चालला नाही.) पंचवीस मिनिटं अंधारात बसलो. पण अंधारात लोक बोलायला लागले, हे मान्य करायला हवं.

आणि इथे माझी चूक झाली. मागे बसलेले एक आबा, वय सत्तरच्या पुढे, म्हणाले, "आम्हनी हीरमा बारामाही पानी ऱ्हाये. आते संक्रांतलेच खडक दिखस." (आमच्या विहिरीत बारमाही पाणी असायचं, आता संक्रांतीलाच खडक दिसतो.) कॉलेजची दोन पोरं फिसकन हसली. त्यांच्या बोलण्याला नाही, अहिराणीला. आणि मी, गोंधळून, "आबा, जरा सगळ्यांना कळेल असं सांगा ना" म्हणाले. सगळ्यांना कळलंच होतं. खोलीत अहिराणी न कळणारं एकही माणूस नव्हतं. आबा गप्प झाले. मी वर्गात बोलतात तशी बोलले होते आणि खोलीचा वर्ग झाला होता.

सावरलं ते आईने. ती पुढच्या रांगेतून मागे वळून पोरांना म्हणाली, "काबर हसी राह्यनात रे? तुम्हना घरमा काय इंग्रजी बोलतस का?" हशा पिकला, या वेळी पोरांवर. आबा पुन्हा बोलले आणि मग थांबेनात. मीही उरलेला वेळ अहिराणीतच बोलले. आमच्या घरची बोली, पण माइक दिसला की जीभ आपोआप पुण्याला जाते.

लाइट आल्यावर फिल्म पूर्ण केली आणि मी एकच प्रश्न विचारला: या गावातलं कोण तुम्हाला तुमच्या ओळखीचं वाटलं? त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. बोअरवरून जुंपली. आमच्या कॉलेजचे भूगोलाचे सर आले होते, त्यांनी खडूने फरशीवरच थर काढून दाखवले: आपल्याखाली काळा पाषाण, बेसाल्ट. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. खोल गेलं म्हणजे नवं पाणी मिळतंच असं नाही, बहुतेकदा शेजारच्या विहिरीचंच ओढलं जातं. एका ग्रामसेवकांनी सांगितलं, की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. त्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक बाई म्हणाल्या, "मंग आम्हनी गल्लीमा बठ्ठाच चोर शेत." (मग आमच्या गल्लीत सगळेच चोर आहेत.) भाऊंनी हे वाक्य हजेरी रजिस्टरच्या शेरा रकान्यात जसंच्या तसं लिहिलं. मी दिग्दर्शकांना जे चार पानी पत्र पाठवलं, त्यात ते अर्थासकट घातलं.

तिसरा खेळ २३ फेब्रुवारी, कापसावरचा. त्याचे २,५०० रुपये पाच जणांनी पाचपाचशे काढले. गर्दी सर्वांत जास्त, त्रेसष्ट. मला वाटतं फिल्म म्हणून ती तिन्हींमध्ये कमकुवत होती. संगीत फार, बाईचा निवेदनाचा आवाज रडवा. पण विषय आमच्या अंगणातला. २०१७ ची गुलाबी बोंडअळी ज्यांनी बघितली आहे, त्यांना संगीताची गरज नसते. पडद्यावर कीड लागलेलं बोंड फोडून दाखवलं तेव्हा खोलीत एक विचित्र आवाज झाला, सगळ्यांनी एकदम श्वास सोडल्यासारखा.

चर्चेत एक कृषी सेवा केंद्र चालवणारे भाऊ होते आणि त्यांच्याकडून बियाणं घेणारे दहा-बारा शेतकरी होते. हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. "८६४ रुपयांची पिशवी, बिल किती जणांना दिलं?" असा सरळ प्रश्न आला. भाऊ लाल झाले. मग म्हणाले, "उधारी किती जणांनी फेडली ते मी वाचून दाखवू का?" दोन मिनिटं मला वाटलं, हॉल गेला हातचा. तेवढ्यात व्हिडिओ कॉलवरच्या दिग्दर्शक बाईंनी भाऊंना विचारलं, तुम्हाला कंपनीकडून माल कसा येतो, परत जातो का? कुणी आपल्याला काही विचारेल ही अपेक्षा त्यांना नव्हती. ते खाली बसले आणि सांगत गेले: आगाऊ पैसे, न खपलेल्या मालाचं काय होतं, मागणी एका वाणाची असताना दुसरं कसं गळ्यात मारतात. शेतकऱ्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. भावावर मात्र एकमत होतं. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामातला हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आणि दारात आलेला व्यापारी सांगतो तो भाव, यावर दोन्ही बाजू एका सुरात बोलल्या. सव्वासात वाजले तरी कुणी उठेना, ग्रंथपाल भाऊंनी किल्ल्या वाजवल्या.

३ मार्चला वाचनालयात लेखी तक्रार आली. एका सभासदाची, दोन पानी: वाचनालयात राजकारण शिरतंय, व्यापाऱ्यांना बोलावून अपमान केला जातो, सिनेमे कोण निवडतं, परवानगी आहे का. मला वाचून ताप आल्यासारखं झालं. माझ्या नावापुढे 'सदर महिला' असं लिहिलं होतं. दोन रात्री झोप नाही. सोडून द्यावं असं नक्की ठरवलं होतं, नवऱ्याने "दे सोडून" म्हटल्यावर मात्र राग आला आणि फाइल काढून बसले.

१६ मार्चच्या सभेत मी फाइल ठेवली. ठराव, तिन्ही परवानगीपत्रं, प्रमाणपत्रांच्या प्रती, पोलीस ठाण्याची पोहोच, हजेरी, हिशोबाच्या पावत्या. बोलायची गरजच पडली नाही. अप्पांनी एकेक कागद चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "एवढे कागद तर आपल्या इमारतीचेबी नाहीत." पण तक्रारीत एक मुद्दा खरा होता: सिनेमे कोण निवडतं? मी एकटी निवडत होते. आता तिघांची समिती आहे, त्यात एक तक्रार करणारे सभासद स्वतः. त्यांना घ्यायचं अप्पांनी सुचवलं, मी तोंड वाकडं केलं. तिघांनी आधी पूर्ण फिल्म बघायची, मगच तारीख. सूचनाफलकावर नाव, लांबी, भाषा आणि प्रमाणपत्राचा प्रकार लिहायचा. खोलीत कुणा एका माणसाच्या धंद्यावर प्रश्न येणार असेल, तर त्याला आधी सांगून बोलवायचं.

चौथा खेळ, १३ एप्रिल, पडला. समितीची पहिली निवड: एका शास्त्रीय गायकावरचा दीड तासाचा माहितीपट, कुणाचंच मन दुखणार नाही असा. पत्रा तापलेला म्हणून संध्याकाळी साडेसातला गच्चीवर. सूर लागत होता आणि वारा सुटला. मांजरपाटाचा पडदा शिडासारखा फुगला, गायकाचा चेहरा कधी लांब तर कधी रुंद. चोवीस आले होते, नऊ उरले. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही म्हणून पावणेदहालाच आवरलं. चर्चा झाली नाही. तक्रार करणारे काका शेवटपर्यंत बसले. उतरताना म्हणाले, "मागचा जास्त रंगला होता."

आतापर्यंत नवे नऊ सभासद झाले, त्यातल्या सहा जणी बचत गटाच्या. जमा-खर्चात १४० रुपये शिल्लक आहेत आणि माझ्याकडे दोनशे ग्रॅम रद्दीची बाकी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा एक खेळ ठेवू म्हटलं होतं, पण ४४ अंशांच्या उन्हात ना पत्र्याखाली बसवतं ना गच्चीवर. पुढचा आता पाऊस पडल्यावर, पेरण्या उरकल्या की. समितीकडे तीन फिल्म बघायला दिल्या आहेत. केळीवाल्या काकांना परवा पुन्हा विचारलं, येणार का. ते म्हणाले, केळीवरचा पिच्चर असेल तर गाडी बंद ठेवून येतो. तसा एक शोधते आहे. पडदा सध्या माझ्या घरी आहे, गच्चीवरच्या धुळीने पार मळलाय, धुवायचा राहिलाय.